अर्थ सांगणारा

बाबा पडले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत कच्च्या विटा होत्या. धाकट्याची पाठ तिकडे होती. मागे धप्पकन आवाज झाला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "फुटल्या का?"

उत्तर आलं नाही म्हणून तो वळला. बाबा भट्टीच्या पहिल्या थरावर उजव्या कुशीवर आडवे झाले होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि विटांचा चुरा छातीखाली अडकला होता. धाकट्याची बायको घमेलं टाकून धावत आली. तिनं सासऱ्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

"बाबा, काय होतंय? बाबा?"

बाबा बोलले. चांगले मोठ्यानं, नेहमीच्या दमदार आवाजात बोलले. "ताबी लेरो. मेना सो ताबी, ताबी लेरो ना."

"काय म्हणाले?" धाकट्यानं विचारलं.

बायकोनं मान हलवली. तिच्या पदराला लाळ लागली होती. "आधी ट्रॅक्टर आणा कुणाचा तरी," ती म्हणाली. "बघत काय उभे राहिलात?"

तो पळाला खरा, पण पळता पळता त्याची नजर आभाळाकडे गेली. पश्चिमेला काळं भरून येत होतं, आणि अंगणभर कच्च्या विटा उघड्या पडल्या होत्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण बोलायला स्वच्छ. त्या म्हणाल्या, "मेंदूतली रक्ताची नळी बंद पडलीय. उजवा हात-पाय गेला. थोडा परत येईल, सगळा नाही. आणि बोलण्याची जागा दुखावलीय. यांना जे म्हणायचंय ते डोक्यात आहे, पण तोंडात येईपर्यंत त्याचा भुगा होतो."

"आणि आपण बोलतो ते कळतं त्यांना?" बायकोनं विचारलं.

"बरंचसं कळतं. म्हणून त्यांच्यासमोर जपून बोला."

धाकटा हे सगळं ऐकत होता. एकही शब्द त्याच्या कानांतून सुटला नव्हता. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे त्यानं ते ऐकलंच नव्हतं असं दाखवलं.

बाबा भट्टी भाजण्यात मुरलेले. धुराच्या रंगावरून आत वीट कशी शिजतेय ते सांगायचे. पण गावात त्यांचा मान होता तो वेगळ्याच कारणानं. दगडी चर्चचे ते वडील, म्हणजे मंडळीचे प्रमुख, होते. पाळक महिन्यातून एखादा रविवार यायचे. बाकीचे रविवार बाबाच शास्त्र वाचायचे आणि त्याचा अर्थ फोडून सांगायचे. मागच्या बाकावर पेंगणारा माणूसही त्या आवाजानं ताठ बसायचा.

आणि एक होता ड्रायव्हर. पूर्वी मालट्रक चालवायचा. एकदा लांबच्या फेरीवर गेला, तिथल्या कुठल्याशा सभेत त्याच्यावर पवित्र आत्मा उतरला असं तो सांगे. परत आला, ट्रक विकला आणि बाजारामागच्या पत्र्याच्या गोदामात प्रार्थना सुरू केली. प्रार्थना करताना त्याचा डावा हात अजूनही गिअर टाकल्यासारखा हलायचा आणि पोरंटोरं त्याची नक्कल करायची. पण त्या गोदामात माणसं अन्यभाषा बोलू लागली. कुणी न शिकवलेले, कुणाला न कळणारे शब्द त्यांच्या तोंडून पाण्यासारखे वाहायचे. बघता बघता अर्धं चर्च तिकडे गेलं.

तेव्हा बाबांनी भर उपासनेत सांगितलं होतं, "अन्यभाषेचं दान पहिल्या प्रेषितांना मिळालं. शास्त्र लिहून पुरं झालं तसं त्या दानाचं काम संपलं आणि ते थांबलं. गोदामात चाललीय ती जिभेची कसरत."

ड्रायव्हर मागे उभा होता. म्हणाला, "दादा, देव थांबला असं कुठं लिहिलंय तेवढं दाखवा."

"खाली बस," बाबा म्हणाले.

तो बसला नाही. टोपी उचलून बाहेर गेला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

मग तेच घरात शिरलं. धाकट्याच्या बायकोला मेलेलं मूल झालं. ती रडली नाही, बोलली नाही, नुसती चिखल तुडवत राहिली. शेजारणीनं एक दिवस तिला गोदामात नेलं. ती परत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि चेहरा ताप उतरल्यासारखा निवलेला होता. "मला भाषा आली," ती चुलीपाशी म्हणाली. बाबा जेवत होते. त्यांनी ताट सरकवलं आणि हात धुतले.

ते तिला काही बोलले नाहीत. फक्त रोज संध्याकाळी शास्त्रातला उतारा वाचायचं काम तिचं होतं, ते काढून घेतलं. स्वतःच वाचू लागले. डोळे अधू, पुस्तक हातभर लांब धरून अडखळत वाचायचे. ती हात मांडीवर ठेवून समोर बसायची. धाकट्याला दोघंही दिसायची. तो बोलला नाही. गप्प राहणं त्याला लहानपणापासून चांगलं जमायचं.

दवाखान्यातून बाबांना घरी आणलं आणि पुढच्या खोलीत खाटेवर ठेवलं. खोलीची खिडकी रस्त्यावर होती. बाबांचं बोलणं थांबत नव्हतं. पाणी हवं, कूस बदलायची, विटांचं काय झालं, सगळं त्याच भाषेत. आवाज तोच, चढउतारही तेच, जणू शास्त्र वाचताहेत. मध्येच स्वतःचेच शब्द स्वतःच्या कानावर पडायचे आणि त्यांचे डोळे विस्फारायचे. मग पुन्हा पहिल्यापासून, अधिक मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी दाराशी माणसं उभी दिसली. गोदामातली. त्यांनी चपला बाहेर काढल्या होत्या. ड्रायव्हर सगळ्यांत पुढे. तो खाटेजवळ आला, थोडा वेळ ऐकत राहिला, आणि गुडघ्यांवर बसला.

"दादा," तो म्हणाला. "दादा, तुमच्यावरच?"

बाबांनी डावा हात उचलला. "मेना नो! मेना नो ताबी!"

"हालेलूया," मागून कुणीतरी हळूच म्हणालं, आणि बायका रडू लागल्या.

धाकटा दाराच्या चौकटीला टेकून होता. डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्याच्या जिभेवर होतं. रक्ताची नळी बंद पडलीय, इतकंच सांगायचं होतं. त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात ड्रायव्हर डोळे पुसत उठला आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "एवढ्या विटा अजून उघड्यावर? आभाळ बघितलंस का? तुझी माणसं कुठायत?"

"रस्त्याच्या कामावर गेली. तिथं रोज जास्त मिळतो."

"उद्या आम्ही येतो," ड्रायव्हर म्हणाला. "दादांची भट्टी आहे. प्रभूनं त्यांच्यावर एवढी कृपा केली, आम्ही हात नाही लावायचा?"

धाकट्यानं तोंड मिटलं.

सगळे गेल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना."

"सांगतो ना. आधी भट्टी रचून होऊ दे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच माणसं आली. पिठाच्या गिरणीचा मालक, शिंपी, दोन सुतार, बायका, कधी चिखलाला हात न लावलेली कॉलेजातली पोरं. विटा हातोहात चालल्या. कच्ची वीट दिसायला घट्ट, पण धरायला नाजूक. बोट रुततं, कडा ढासळते. दुपारपर्यंत सगळ्यांचे तळवे सोलले गेले, कमरा धरल्या, तरी गाणी म्हणत काम चाललं होतं. आभाळ आणखी खाली आलं. वारा पडला होता आणि घाम वाळत नव्हता.

बायकोनं बाबांना खुर्चीत बसवून दारात आणलं. ते बघत होते. तिसरा थर चढला तसे ते ओरडू लागले. "लेरो! लेरो सो! ताबी लेरो!" डावा हात सारखा भट्टीच्या एका कोपऱ्याकडे.

सगळे थबकले. गिरणीवाल्यानं विटा खाली ठेवल्या आणि दोन्ही हात वर केले. सुतारांनी डोळे मिटले. ड्रायव्हर ओठातल्या ओठात काही पुटपुटत उभा राहिला. अंगणभर गुणगुण पसरली.

धाकट्यानं कोपऱ्याकडे पाहिलं. पोरांनी तिथं आगीची वाट बुजवून टाकली होती. तशीच राहिली असती तर भट्टीची ती बाजू कच्ची राहिली असती. बाबा शिव्या देत होते. असल्या चुकीसाठी लहानपणी त्यानं कितीदा तरी त्याच सुरात त्या खाल्ल्या होत्या. शब्द नव्हते, पण अर्थ त्याला पाठ होता.

एका बाईनं त्याला विचारलं, "काय म्हणत असतील हो ते?"

"मला काय माहीत," तो म्हणाला. सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना तो वाकून कोपऱ्यात गेला, आडव्या विटा काढल्या आणि वाट मोकळी केली. वर मान केली तेव्हा बाबा त्याच्याकडेच बघत होते. त्यांचं ओरडणं थांबलं होतं. लोक म्हणाले, आत्मा शांत झाला.

भट्टी पुरी रचून झाल्यावर निघताना ड्रायव्हर म्हणाला, "रविवारी दादांना गोदामात आणू. सगळ्या मंडळीनं ऐकायला हवं. सोमवारी भट्टी पेटवायला आम्ही आहोतच."

धाकट्यानं मान डोलावली.

भांडी घासता घासता बायको म्हणाली, "ती भाषा नाहीये. मला ती येते, मला कळतं. ती आली की छातीवरचा दगड खाली ठेवल्यासारखं वाटतं. बाबांच्या मानेच्या शिरा बघा. ते दगड उचलताहेत, ठेवत नाहीयेत."

"एका रविवारचा प्रश्न आहे."

"मी सांगू?"

"पाया पडतो तुझ्या. भट्टी पेटू दे. पाऊस आला तर सगळ्या हंगामाचा चिखल होईल. मग कुठं जायचं आपण?"

ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशीही तिनं कुणाला सांगितलं नाही. त्या गप्प बसण्याचं तिला पुढे बरेच दिवस वाईट वाटत राहिलं, पण दोषाचा सगळ्यांत मोठा वाटा धाकट्याचाच.

रविवारी बाबांना धुतलेला सदरा घातला. खुर्ची ट्रॉलीत ठेवून दोरानं बांधली. बाबा शांत होते. आपल्याला दगडी चर्चला नेताहेत असं त्यांना वाटलं असावं. ट्रॉली बाजारापाशी वळली तशी त्यांची मान ताठ झाली. गोदामाच्या दारात खुर्ची उतरवली आणि त्यांनी डाव्या हातानं दाराची लोखंडी चौकट पकडली.

"नो," ते म्हणाले. "मेना नो. नो."

खुर्ची पुढे जाईना. मागे लोक खोळंबले. कुणी म्हणालं, सैतान अडवतोय. धाकटा खाली वाकला आणि त्यानं बाबांची बोटं सोडवली. करंगळी पहिली. मग तिच्याशेजारचं बोट. म्हाताऱ्या हाताला एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं. अंगठा सोडवताना कट्कन वाजला. त्यानं बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही.

आत पत्रे तापले होते. ढोलकी, टाळ्या, कर्णा. ड्रायव्हरनं बाबांना सगळ्यांच्या समोर बसवलं. तो दुष्टपणे बोलला नाही. उलट म्हणाला, "या माणसानं मला शास्त्र वाचायला शिकवलं. आम्ही भांडलो. ते म्हणाले, दान थांबलं. मी म्हणालो, थांबलं नाही. आज कुणी जिंकलं-हरलं असं नाही. आज प्रभू बोलतोय." आणि त्यानं माइक बाबांच्या तोंडापुढे धरला.

कर्ण्यातून बाबांचा आवाज पत्र्यावर आपटला. "ताबी लेरो ना! मेना सो, मेना सो ताबी!" सगळी मंडळी उसळली. शंभर तोंडांतून शंभर भाषा निघाल्या. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आनंदाश्रू," शेजारी कुणीतरी म्हणालं. बाबांची नजर माणसांवरून फिरत फिरत धाकट्यावर येऊन थांबली, आणि त्याच वेळी त्यांच्या धोतरावर ओला डाग पसरत खाली आला. धाकट्यानं तो पाहिला आणि समोरच्या माणसाच्या पाठीआड झाला.

ड्रायव्हरनं हात वर करून शांत केलं. "अर्थ सांगणारा कुणी आहे का? अर्थाशिवाय भाषा अपुरी."

गिरणीवाला डोळे मिटून उठला. "प्रभू म्हणतो, ज्या तोंडानं मला नाकारलं, त्याच तोंडानं मी बोलेन."

"आमेन!"

"नाही." धाकट्याची बायको बायकांतून उभी राहिली होती. "अर्थ मी सांगते. ते म्हणताहेत, मला घरी न्या. मला लाज वाटतेय, मला घरी न्या."

गिरणीवाल्यानं डोळे उघडले.

"ताई," ड्रायव्हर सावकाश म्हणाला, "तू स्वतः या दानातली आहेस. तूच असं म्हणावंस?"

"मला ते मिळालंय म्हणूनच म्हणते. हे ते नव्हे. हा आजार आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

ड्रायव्हरनं गर्दीत धाकट्याला शोधलं. "तुझा बाप आहे. तू सांग. काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

सगळ्या माना वळल्या. धाकट्याला बाहेरची मळकट उजेडाची पट्टी दिसत होती, आणि तिच्यात जणू भट्टी दिसत होती, न पेटलेली.

"मला..." तो म्हणाला. "त्यांनी काही नीट सांगितलं नाही."

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. पण त्याहून वाईट झालं ते समोर. बाबा बोलायचे थांबले. पडल्यापासून पहिल्यांदा पुरते गप्प झाले. त्यांनी मान खाली घातली.

ती कुणाची वाट न बघता पुढे गेली आणि एकटी खुर्ची ओढू लागली. खुर्चीचे पाय जमिनीवर खरखरले. ड्रायव्हर तिच्याकडे बघत होता, मग त्याची नजर बाबांच्या धोतरावर गेली. त्यानं माइक खाली ठेवला, अंगातला कोट काढून बाबांच्या मांडीवर पसरला, आणि खुर्चीची दुसरी बाजू उचलली. धाकटा उभा होता तिथंच उभा राहिला.

सोमवारी कुणी आलं नाही. भट्टी नवरा-बायकोनंच पेटवली. ती लाकडं देत होती, तो आत सारत होता. संध्याकाळी पाऊस आला, चांगला तासभर कोसळला, पण तोवर भट्टीनं आग धरली होती. वरच्या राखेवर थेंब चुरचुरून विरत होते. विटा वाचल्या. धाकट्याला आनंद व्हायला हवा होता. तो धुराकडे बघत बसला, आणि धुराचा रंग काय सांगतोय ते त्याला कळेना. विचारायचं कुणाला?

पाऊस थांबल्यावर ड्रायव्हर आला. एकटाच. लाकडाच्या ओंडक्यावर बसला.

"दवाखान्यात जाऊन आलो," तो म्हणाला. "त्यांनी सगळं नीट सांगितलं होतं की तुला."

धाकटा काठीनं निखारे सारत राहिला.

"पहिल्याच दिवशी मला का नाही बोललास?"

"विटा बाहेर होत्या, काका."

ड्रायव्हरला आधी समजलंच नाही. मग समजलं. "अरे, विटांसाठी आलोच असतो मी. दादांना झटका आलाय, माणसं हवीत, एवढा निरोप पुरे होता. बोलणं बंद होतं म्हणून काय झालं?" त्यानं एक लाकूड धाकट्यापुढे सरकवलं. "मीही काही कमी नाही. मला हवं होतं तेच मी ऐकलं. काल घरी प्रार्थनेला बसलो आणि तोंडच उघडेना. दान थांबलं की मीच थांबलो, देव जाणे."

तो उठला. जाताना खिडकीपाशी घुटमळला, पण आत गेला नाही.

बाबा आता बोलत, पण कमी. सुनेच्या हातून जेवत. धाकट्यानं चमचा पुढे केला की ओठ मिटून भिंतीकडे बघत. तो चमचा धरून बसे, आणि मग ती येऊन तो घेई. तिनं त्याला टोमणा मारला नाही. एकदा ती बाबांचे कपडे पिळत होती आणि तिच्या ओठांतून ती भाषा हलकेच वाहू लागली. खाट उघड्या दारासमोर होती. धाकट्यानं घाबरून आत पाहिलं. बाबांनी डोळे मिटले होते. तोंड फिरवलं नव्हतं. ते ऐकत होते की झोपले होते, त्याला सांगता आलं नसतं.

भट्टी थंड झाली तेव्हा उपसायला माणूस मिळेना. आणि एका सकाळी फाटकाशी सायकली टेकल्या. गिरणीवाला, सुतार, शिंपी, पोरं. ड्रायव्हर सगळ्यांत मागे. ओळ लावली आणि विटा उतरवायला लागले. धाकटा भट्टीच्या वरच्या थरावर उभा होता; त्यानं मान वर केली नाही. हातात येईल ती वीट पुढे देत राहिला. विटा अजून कोमट होत्या.

बायकोनं खुर्ची दारात आणली. थोड्या वेळानं बाबा ओरडले. "सो लेरो! लेरो ताबी सो!"

ओळ थांबली. या वेळी कुणी हात वर केले नाहीत, कुणी डोळे मिटले नाहीत. सगळे धाकट्याकडे बघू लागले.

"काय म्हणताहेत?" गिरणीवाल्यानं विचारलं.

धाकट्यानं बाबांकडे पाहिलं. त्यांचा हात, त्यांच्या भुवया, आवाजातला तो जुना वैताग. मग तो म्हणाला, "खालून उपसू नका, वरून घ्या. रास अंगावर येईल."

बाबांनी मान हलवली. बरोबर. पण हात खाली आला नव्हता. ते पुन्हा बोलले, हळू, आणि बोट थेट धाकट्याकडे होतं.

"आणि?" ड्रायव्हरनं विचारलं.

बायको दाराशी उभी होती. हे तिलाही कळलं होतं, पण ती बोलणार नव्हती.

"म्हणताहेत," तो म्हणाला, "याला माझ्या भट्टीवरून खाली उतरवा."

धाकट्यानं हातातली वीट शेजारच्या पोराला दिली, तळवे पुसले, आणि सगळ्यांच्या देखत एकेक थर उतरून खाली आला.